मासे पहाटेच का मरतात?

उपस्थित सर्वांना नमस्कार. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्ष संपत आला की मेलेले मासे तरंगू लागतात, ही बातमी आपण अनेक वर्षे वाचत आलो आहोत. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही हा तलाव गोड्या झऱ्याच्या पाण्यावर जगतो आणि श्राद्धाच्या पंधरवड्यात त्यात पिंड, पीठ, फुले असे पुष्कळ काही सोडले जाते. मासे मेले की लोक प्रथम विषाचा संशय घेतात. पण भात आणि पीठ कुजवणारे जीवाणूच पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. आज मी या गुदमरण्याविषयी, आणि त्यातही ते ज्या वेळी घडते त्या वेळेविषयी बोलणार आहे. कारण मासे कशाने मेले हे शोधताना आपली सर्वांत मोठी चूक वेळेच्या बाबतीत होते, असे माझे ठाम मत आहे.

मुळात पाण्यात प्राणवायू फार थोडा मावतो. एक लिटर हवेत तो सुमारे २८० मिलिग्रॅम असतो, तर २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम. पाणी ३० अंशांपर्यंत तापले की हा आकडा साडेसातवर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज जवळपास दुपटीने वाढलेली असते. रोहू, कटला, मृगळ यांना ५ मिलिग्रॅमच्या वर पाणी मानवते; ३ च्या खाली त्यांची ओढाताण सुरू होते आणि १ च्या आसपास ते फार काळ तग धरू शकत नाहीत.

आता दिवस-रात्रीचा हिशेब पाहू. तलावातले हिरवे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते, त्यामुळे दुपारी तीन-चारच्या सुमारास पाण्यात तो सर्वाधिक असतो. गर्द हिरव्या पाण्यात तर विरघळण्याच्या सर्वसाधारण मर्यादेपेक्षाही जास्त. सूर्य मावळला की ही निर्मिती थांबते, पण श्वसन थांबत नाही. मासे, तळाच्या गाळातले जीवाणू आणि दिवसा प्राणवायू देणारे ते शैवालसुद्धा रात्रभर त्याच साठ्यातून घेत राहतात. हवेतून पाण्यात उतरणारा प्राणवायू ही तूट भरून काढू शकत नाही, कारण संथ पाण्यात तो अतिशय सावकाश पसरतो. म्हणून सूर्योदयाच्या आधीचा तास सर्वांत वाईट. दोन-तीन दिवस सलग ढगाळ गेले तर दिवसाची जमाच कमी होते आणि एरवी निभावलेली रात्र निभावत नाही. म्हणूनच अनुभवी मत्स्यशेतकरी पावसाळ्यात पहाटे उठून तळ्यावर फेरी मारतात.

त्या वेळी त्यांना मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येताना दिसतात. मासे तेव्हा हवा पीत नसतात. हवेला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात थोडा अधिक प्राणवायू असतो, तो ते कल्ल्यांवरून फिरवतात. त्याआधी कल्ल्यांची उघडझाप वाढलेली असते आणि हृदयाची गती मंदावलेली असते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट घन असल्याने ते कल्ल्यांतून ढकलायलाच माशाला बरीच ताकद लागते, म्हणजे टंचाईच्या काळात श्वास अधिकच महाग होतो. मरळ, मागूर, शिंगी यांना थेट हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ते तगतात. मेलेल्यांत कटला-रोहू आहेत आणि मरळ जिवंत आहे, मोठे मासे आधी मेले आहेत आणि लहान तरले आहेत, मेलेल्यांची तोंडे उघडी आहेत आणि कल्ल्यांची झाकणे फाकलेली आहेत, अशी चिन्हे एकत्र दिसली तर संशय प्राणवायूवर घ्यावा. विषात बहुधा लहान मासे आधी मरतात आणि वेळेचे बंधन नसते.

पण प्रत्यक्षात काय घडते? मासे पहाटे मरतात, बातमी सकाळी कळते, आणि नमुना भर दुपारी घेतला जातो. तोवर शैवालाने पाणी पुन्हा भरलेले असते, आणि अहवालात प्राणवायू समाधानकारक असल्याची नोंद होते. शिवाय बाटलीतल्या पाण्यातही श्वसन चालूच असते. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालून नमुना काठावरच स्थिर केला नाही, तर प्रयोगशाळेत मिळणारा आकडा तलावाचा किंवा नदीचा राहत नाही.

नद्यांच्या बाबतीत हे मला अधिक गंभीर वाटते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर आसवनीत उरणाऱ्या सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे ते कुजवताना जीवाणू जेवढा प्राणवायू वापरतात तो, लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असते, तर नदीत सोडण्यासाठीची मर्यादा ३० आहे. असे प्रक्रिया न केलेले एक लिटर सांडपाणी पूर्ण कुजताना ३० अंशांच्या पाच हजार लिटरांहून अधिक स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी थांबलेले असताना हे किती लवकर घडत असेल, याची आपण कल्पना करू शकता.

मरण न येताही नुकसान होतेच. प्राणवायू ३ ते ४ मिलिग्रॅमवर रेंगाळला की मासे खाणे कमी करतात, वाढ खुंटते आणि रोग जडतात. न खाल्लेली पेंड आणि कोंडा तळाशी कुजून आणखी प्राणवायू खातात; म्हणून मासे वर आलेले दिसताच त्या दिवशीचे खाद्य बंद करावे, गाळ ढवळू नये, ताजे पाणी सोडावे आणि एरेटर, म्हणजे पाण्यात हवा खेळवणारे यंत्र, मध्यरात्रीनंतर सुरू करून ऊन चांगले वर येईपर्यंत चालवावा. नदीसाठी मात्र एरेटर नसतो. तिथे बंधाऱ्यापाशी रात्रभर नोंद घेणारे मापक बसवावे आणि पंचनाम्याला दुपारच्या बाटलीऐवजी पहाटे चारचा आकडा जोडावा, ही माझी मागणी आहे.