सर पाच मिनिटांत येतायत

सकाळचे साडेसहा. परळ. महापालिकेच्या केईएम हॉस्पिटलच्या आसपास चहाच्या टपऱ्या सुरू झाल्यात आणि ही जी माणसं दिसतायत ना, हातात पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये गावच्या डॉक्टरने काढलेला एक्सरे, यातली बरीच रात्रीच्या गाडीने येऊन पहाटे दादरला उतरलीत, कोणी चिपळूणहून तर कोणी सोलापूरहून. केसपेपरची खिडकी अजून उघडायचीय, पण रांग लागलीसुद्धा.

हे हॉस्पिटल 1926 सालचं. वर्षाला साधारण 18 लाख ओपीडी पेशंट, हा हॉस्पिटलचा स्वतःचा आकडा. रविवार आणि सुट्ट्या काढून 300 दिवस धरले तर रोजचे 6,000 होतात. सहा हजार! म्हणजे एखाद्या गावची जत्रा, रोज, आणि तीही बहुतेक सगळी दुपारच्या आत, कारण मोठ्या ओपीड्या सकाळच्याच असतात. बरं, समोर बसलेला डॉक्टर बहुतेक वेळा रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिकता शिकता ड्युटी करणारा, त्याने सकाळी वॉर्डचा राउंड उरकलाय आणि कदाचित रात्रभर इमर्जन्सीला उभा होता. तो वर न बघता लिहितो म्हणून आपण चिडतो, पण त्याच्यामागे अजून किती पेपर पडलेत ते एकदा बघा.

2017 मध्ये बीएमजे ओपन नावाच्या जर्नलमध्ये 67 देशांचा अभ्यास आला होता, साध्या तपासणीला डॉक्टर किती वेळ देतो याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद, आणि आपण? दोन मिनिटांच्या आसपास. चार तास बसायचं ते दोन मिनिटांसाठी.

आणि खरं सांगू का, रांगेचं लोकांना फारसं काही वाटत नाही. पोटात गोळा येतो तो 'डेट' या शब्दाने. एमआरआयची डेट, ऑपरेशनची डेट. पुढच्या महिन्यात या म्हटलं की गावाकडच्या माणसाचा तिकिटाचा, बुडालेल्या मजुरीचा, सोबत येणाऱ्याच्या रजेचा सगळा हिशोब परत पहिल्यापासून. साधा ताप-खोकलाही इथेच येतो हा प्रॉब्लेम आहेच, म्हणून 2022 मध्ये मुंबईत 'आपला दवाखाना' नावाचे गल्लीतले छोटे दवाखाने सुरू केले, रात्री दहापर्यंत उघडे. कल्पना चांगली आहे. पण "मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं" म्हटलं की घरच्यांना जे बरं वाटतं ते गल्लीतल्या दवाखान्याने वाटत नाही, त्याला काय करणार.

आता माझ्या आईचं सांगते. गुडघे गेलेले. पहिल्यांदा आम्ही सरकारीत दाखवलं. आई घरून डबा, पाण्याची बाटली, जपमाळ आणि बसायला जुनी चादर घेऊन निघाली, म्हटलं आई आपण पिकनिकला नाही चाललोय. चार तास बसली, तक्रारीचा एक शब्द नाही, उलट शेजारच्या मावशींना अर्धी पोळी दिली, त्यांच्या सुनेची सगळी माहिती काढली आणि निघताना म्हणाली, डॉक्टर पोरगा चांगला होता हो.

तीच आई प्रायव्हेटला. एसी, सोफा, भिंतीवर टीव्ही. अपॉइंटमेंट सहाची. सव्वासहाला तिने घड्याळ बघितलं, साडेसहाला मला ढोसलं, "विचार ना जाऊन, एवढे पैसे घेतात!" रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली सर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, पाच मिनिटांत येतायत. मग कळलं सहाची वेळ आमच्यासकट सात-आठ जणांना दिलेली, शिवाय सर तीन हॉस्पिटलांना अटॅच आणि मधला रस्ता म्हणजे दादरचं ट्रॅफिक. काळ्या बॅगा घेतलेले दोन एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधीही ताटकळत होते, ते आमच्या आधी आत गेले. आमचा नंबर आला आठला. दोनच तास, म्हणजे सरकारीच्या निम्मे, पण आईला ते जास्त लागले. पैसे मोजले की माणूस मिनिटंसुद्धा मोजायला लागतो.

आणि पैसे म्हणजे किती? एनएसएसओ या सरकारी सर्वेक्षण संस्थेच्या 2017-18 च्या पाहणीत, बाळंतपण सोडून, अॅडमिट झाल्याचा सरासरी खर्च सरकारीत 4,452 रुपये आणि प्रायव्हेटमध्ये 31,845. सातपट. या सातपटीत नेमकं काय विकत घेतो आपण? तर ऑपरेशनची तारीख. आईची तारीख चौथ्या दिवशीची मिळाली, हे मान्यच करायला हवं, सरकारीत इतक्या लवकर झालं नसतं.

पण थांबणं काही संपलं नाही, ते फक्त शेवटाला गेलं. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर घरी जा म्हणाले. मग फाईल बिलिंगला, तिथून टीपीएला, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या मधल्या कंपनीला, तिथून इन्शुरन्स कंपनीला, तिथून एक शंका परत आली, परत फाईल खाली. 2024 पासून आयआरडीएआयचा, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा नियम आहे की कॅशलेसला डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची. कंपनीकडे रिक्वेस्ट पोचल्यापासून तीन तास बरं का, हॉस्पिटलमधून ती निघायला किती लागतात ते वेगळंच.

आई सकाळपासून साडी नेसून, वॉकर धरून पलंगाच्या कडेला बसलेली. दुपारचं जेवण आलं नाही, कारण सिस्टीममध्ये आम्ही घरी गेलो होतो. साडेपाच वाजले तेव्हा तिने पिशवीतून जपमाळ काढली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अगं, चादर आणलीयस का?"