तीन मजली चहा

[दृश्य : इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एका टी-रूमचं स्वयंपाकघर. सकाळ. मैदा, लोणी, हात.]

दुपारच्या चहाची तयारी सकाळी साडेनऊलाच सुरू होते. आधी स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे, जाडसर, भाजलेले गोल पाव. लोणी फ्रीजमधून आत्ता काढलंय, कारण ते वितळलं की खेळ संपला. मैद्याला ते बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो. मिश्रण जाड रव्यासारखं दिसू लागलं की साखर, दूध, आणि मग हात आवरता घ्यायचा. करंजीच्या पारीला मोहन चोळणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको. फरक इतकाच, की आपलं मोहन कडकडीत आणि यांचं थंडगार.

गोळा हलक्या हाताने थापायचा, इंचभर जाड. आता साच्याकडे बघा. सरळ खाली जातो, सरळ वर येतो. जरा जरी पिळला, तरी कडा दबते आणि स्कोन एका अंगाला कलून फुगतो. वरून अंडं लावताना बाजूला ओघळ येऊ द्यायचा नाही, कारण तेच. २२० अंशांची भट्टी, १२ मिनिटं. नीट जमलेला स्कोन मधोमध हातानेच उलगडतो, सुरी लागत नाही.

[दृश्य : पसरट भांडं. पिवळी साय.]

हे क्लॉटेड क्रीम. मलई मंद आचेवर तासन्‌तास तापवायची, उकळी फुटू द्यायची नाही, आणि तितक्याच सावकाश निवू द्यायची. वर ही अशी जाड साय धरते. यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून खाण्यातला हा पदार्थ नव्हे.

डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्रीम, मग जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये बरोबर उलटं. २०१८ साली कॉर्नवॉलमधल्या लॅनहायड्रॉक या जुन्या हवेलीच्या जाहिरातीत खाली क्रीम आणि वर जॅम असलेला स्कोन झळकला, तर लोकांनी हवेली सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सदस्यत्व सोडायच्या धमक्या दिल्या. हवेलीला माफी मागावी लागली.

[दृश्य : वोबर्न ॲबी, बाहेरून.]

बेडफर्डशरमधलं वोबर्न ॲबी. बेडफर्डच्या सातव्या ड्यूकची पत्नी, म्हणजे डचेस, ॲना मारिया रसेल हिचं घर. १८४० च्या सुमाराची गोष्ट सांगतात ती अशी : बड्या घरांतलं रात्रीचं जेवण लांबत लांबत आठावर गेलेलं, दुपारचं नावापुरतं. चार वाजले की डचेसबाईंच्या पोटात कावळे ओरडायचे. मग खोलीतच चहा आणि लोणी-पाव येऊ लागला. चहा तेव्हा नवा नव्हता. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून आलेल्या पोर्तुगालच्या कॅथरीनने तो दरबारात रुळवला होता. इंग्रजांना जिच्या हुंड्यात मुंबई मिळाली, तीच ही कॅथरीन.

पण आम्हाला जास्त मोलाची वाटली ती नटी फॅनी केम्बल हिची आठवण. १८४२ मध्ये ती बीव्हर कॅसलवर पाहुणी होती. तिथेच पाहुण्या आलेल्या याच डचेसबाईंकडून तिला खोलीत येण्याचं गुपचूप बोलावणं यायचं. आत निवडक बायका, डचेसची स्वतःची किटली, आणि चहा. पुरुषांना तिथे बोलावणं नव्हतं.

बायकांची ही बैठक वाड्यात सुरू झाली खरी, पुढे नेली ती दुकानांनी.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. लंडनची टी-शॉप्स.]

१८६४. एरेटेड ब्रेड कंपनी, लोकांच्या तोंडी एबीसी. धंदा पावाचा. त्यांच्या एका दुकानातली व्यवस्थापक बाई ओळखीच्या गिऱ्हाइकांना चहा पाजायची आणि तिनेच मालकांना गळ घातली, की तो विकायलाच ठेवू, असं सांगतात. घरंदाज बाईने एकटीने टेकावं अशी जागा तेव्हा शहरात शोधून सापडत नसे. क्लब पुरुषांचे, पबात शिरायची सोय नाही. टी-शॉपमध्ये टेबल मिळायचं आणि कुणी नाक मुरडायचं नाही. १८९४ मध्ये पिकॅडिलीत लायन्स या खानपानाच्या कंपनीचं पहिलं टी-शॉप उघडलं, मग गावोगावी. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायका अशाच ठिकाणी जमत. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या ॲलन्स टी रूम्समध्ये त्यांना सभेला खोली मिळायची. त्यांच्या मोर्चांची चित्रं सगळ्यांनी पाहिलीत, या टेबलांकडे कोण बघतो?

जाता जाता, याच लायन्सने दुकानांचा हिशेब आवरेना म्हणून चक्क स्वतःचा संगणक बांधला. नाव लिओ. १९५१ साली त्यावर धंद्याचं पहिलं काम चाललं ते बेकरीच्या मालाचं.

या चहाच्या पाठीशी चीनशी चाललेला अफूचा व्यापार आहे, कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांनी पिकवलेली साखर आहे, आणि १८३९ पासून लंडनच्या लिलावात येऊ लागलेली आसामची पत्ती. त्या मळ्यांतही पानं खुडणारे हात बहुतेक बायकांचेच.

[दृश्य : टी-रूम, दुपारचे साडेतीन. तीन मजली स्टँड टेबलावर येतो.]

खाली सँडविच, मधे स्कोन, वर केक. खालून वर चढत जायचं. काकडीचं सँडविच जवळून बघा : साल काढलेली, पातळ चकत्या, मीठ लावून पाणी निथळलेलं, नाहीतर पावाचा लगदा होतो. कडा कापलेल्या. टीपॉट आधी गरम पाण्याने विसळतात, मग पत्ती, मग खळखळतं पाणी. तीन-चार मिनिटं कुणी हात लावायचा नाही.

या टेबलावर आजी, लेक आणि नात. आजींना आज ऐंशी पूर्ण झाली.

[निवेदन थांबतं. टेबलावरचे आवाज.]

रोज कुणी असा चहा घेत नाही. घरचा चहा मगात, टी-बॅग बुडवून, बहुधा उभ्या उभ्याच. म्हणून तर या दोन तासांसाठी लोक आधी टेबल राखून ठेवतात, पैसे मोजतात. लंडनच्या रिट्झमध्ये पाम कोर्टात बसायचं तर पुरुषांना जॅकेट हवंच. डेव्हनच्या या टी-रूममध्ये चिखलाचे बूटही चालतात. आणि मुंबईत, ताजच्या सी लाउंजमध्ये, स्कोनच्या शेजारी शेवपुरी असते. आधी काय संपतं, ते सांगायला नको.