ताटासमोर बसलेला माणूस

नमस्कार मंडळी. प्रास्ताविकात वेळ घालवत नाही, एका प्रसंगापासूनच सुरुवात करते.

सोळाव्या शतकातला कोरिया, राजवाड्याचा मुदपाकखाना. तिथे शिकायला आलेली एक लहान मुलगी, जांग-गुम. तिच्या गुरू हानबाई तिला सांगतात, मला प्यायला पाणी आण. पोरगी पाणी आणते. बाई म्हणतात, हे नको, दुसरं आण. ती गार आणते, कोमट आणते, वर पान तरंगत ठेवून आणते. काही केल्या बाईंच्या पसंतीला उतरत नाही. असं बरेच दिवस चालतं. शेवटी एकदा ती पाणी आणायला उठतच नाही, उलट बाईंनाच विचारते: पोटात दुखतंय का? सकाळी पोट साफ झालं का? घसा कसा आहे? घसा जरा धरलाय, असं बाई म्हणतात. मग ती कोमट पाण्यात थोडंसं मीठ घालून आणते आणि बजावते, घाई करू नका, घोट घोट प्या. तिची आई तिला असंच विचारून पाणी द्यायची. हानबाईंना जे शिकवायचं होतं ते हेच. भांड्यात ओतून कुणापुढे ठेवलं की पाणीसुद्धा अन्न होतं, आणि अन्न करणाऱ्यानं आधी खाणाऱ्याची चौकशी केली पाहिजे.

ही ‘दे जांग गुम’ नावाची कोरियन मालिका. तिथल्या एमबीसी वाहिनीवर सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ या काळात तिचे ५४ भाग दाखवले गेले. दिग्दर्शक ली ब्युंग-हून, मोठ्या जांग-गुमच्या भूमिकेत ली यंग-ए. कोरियात ती अफाट चालली आणि पुढे जपान, चीन, इराण असे कितीतरी देश फिरली. आपल्या दूरदर्शननंही ती हिंदीत दाखवली होती. इथे काहींना आठवत असेल.

गेली काही वर्षं मी जपानी आणि कोरियन खाद्यमालिका फार आवडीनं बघते आहे. त्यांच्याबद्दल बोलताना लोक नेहमी चकचकीत पदार्थांचं, वाफा निघणाऱ्या वाडग्यांचं कौतुक करतात. ते कौतुक रास्तच आहे. पण मला त्यांचं खरं मोठेपण दुसरीकडे दिसतं. यातल्या उत्तम मालिका ताटापेक्षा ताटासमोर बसलेल्या माणसाकडे जास्त निरखून बघतात. तो कोण आहे, आज कुठून आलाय, त्याला नेमकी कशाची भूक लागली आहे, यातून गोष्ट सुरू होते.

‘दे जांग गुम’मध्ये हा धागा पुढेही दिसतो. चीनचा राजदूत येतो. त्याला शाही मेजवानी द्यायची, असा दरबाराचा हुकूम असतो. पण त्याला मधुमेह आहे हे हानबाईंना आणि जांग-गुमला कळलेलं असतं. त्या तेलकट, गोडधोड पदार्थ टाळून त्याच्यापुढे त्याला सोसेल असं साधं जेवण ठेवतात, आणि या धाडसापायी संकटात सापडतात. ऐतिहासिक जांग-गुमबद्दल फार माहिती नाही. राजा जुंगजोंगच्या बखरीत एक वैद्य म्हणून तिचे मोजके उल्लेख आहेत, स्वयंपाकाची बाजू मालिकाकारांनी रचलेली आहे. मात्र पडद्यावरचं रांधणं हवेतलं नाही. त्यासाठी हान बोक-र्यो यांचं मार्गदर्शन होतं. त्यांच्या आई ह्वांग हे-सोंग यांनी ही पाकविद्या हान ही-सून यांच्याकडून घेतली होती, आणि हान ही-सून प्रत्यक्ष जोसॉन या कोरियाच्या राजघराण्याच्या मुदपाकखान्यात काम केलेल्या शेवटच्या बायकांपैकी एक. म्हणजे पडद्यावर दिसणारी ती चिरण्याची, रचण्याची पद्धत एका हातातून दुसऱ्या हातात आलेली आहे. अशी परंपरा इतक्या निगुतीनं जपून सगळ्यांसमोर मांडली, याबद्दल मला त्या लोकांविषयी मनापासून आदर वाटतो.

आता जपानकडे वळू. तिथल्या मालिकेत राजवाडा नाही, टोकियोच्या शिंजुकू भागातली एक अरुंद गल्ली आहे. मध्यरात्री बारा वाजता उघडणारी आणि सकाळी सातला बंद होणारी एक खानावळ. ‘शिन्या शोकुदो’, म्हणजे मध्यरात्रीची खानावळ. यारो आबे यांच्या छापील चित्रमालिकेवरून (मांगा) २००९ साली ती छोट्या पडद्यावर आली. मालकाला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. काओरू कोबायाशी यांनी ही भूमिका केली आहे. डोळ्यावरून गेलेला जखमेचा व्रण, आणि तो कशाचा हे कुणी विचारत नाही. भिंतीवरच्या यादीत जेवण म्हणून एकच गोष्ट, डुकराचं मांस घातलेलं मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा). बाकी तुम्ही मागाल ते, सामान असेल तर तो करून देतो. इथेही पुन्हा तेच: आधी विचारणं, मग रांधणं.

यातला बटर-भाताचा भाग मी तुम्हाला जरा सविस्तर सांगते. एक नामांकित खाद्यसमीक्षक या खानावळीत येतो. भारी हॉटेलांबद्दल लिहिणारा, आणि बाकी गिऱ्हाइकांना तो काही फारसा आवडत नाही. तिथेच एक म्हातारा गिटारवाला यायचा. गल्लीबोळांतून गाणी म्हणत फिरणारा. तो नेहमी एकच मागतो: गरम भात, त्यात लोण्याचा तुकडा. लोणी वितळेपर्यंत थोडं थांबायचं, मग सोया सॉसचे दोन-चार थेंब. पैशांऐवजी तो एक गाणं म्हणतो. समीक्षक हे बघतो आणि नंतर स्वतःही तेच मागायला लागतो, पुन्हा पुन्हा त्यासाठी येतो. हळूहळू कळतं की हे दोघं एकमेकांना तरुणपणापासून ओळखतात, आणि त्या वाडग्यात समीक्षकाच्या बहिणीची आठवण आहे. आपल्याकडे गरम भातावर तूप आणि मेतकूट पडलं की मोठमोठी माणसं जशी गप्प होतात, तसा त्याचा चेहरा होतो. कॅमेरा त्या चेहऱ्यावर थांबतो. जेमतेम पंचवीस मिनिटांच्या भागात दिग्दर्शक एवढा वेळ नुसत्या खाण्याला देतो, हे मला विलक्षण वाटतं. आपल्या मालिकांमध्ये सगळं घर जेवायच्या टेबलाशी बसतं आणि भांडण पेटलं की घास तसाच राहतो. इथे माणूस घास पुरा करतो.

हे सूत्र उचलणं सोपं आहे असं अनेकांना वाटलं. २०१५ मध्ये कोरियानं ‘शिन्या शोकुदो’ची आपली आवृत्ती काढली, २०१७ मध्ये चीननं. चिनी आवृत्तीवर तिथल्याच प्रेक्षकांनी सडकून टीका केली. दुकानाची मांडणी थेट जपानी, मालकाचा पोशाख जपानी, आणि वर पाकिटातल्या नूडल्सची उघड जाहिरात. चिनी शहरांत रात्री भूक लागली की लोक रस्त्याकडेच्या शेगड्यांवर, गाड्यांवर जातात. ते जग बाजूला ठेवलं आणि खाणारा माणूसच हरवला. राग आला तो यामुळे.

‘कोदोकु नो गुरुमे’ (एकटा खवय्या) या जपानी मालिकेत तर मालकही मागे सरतो, उरतो फक्त खाणारा. मासायुकी कुसुमी यांचं लेखन, जिरो तानिगुची यांची चित्रं, अशी ती नव्वदच्या दशकातली चित्रमालिका. टीव्ही टोकियोनं २०१२ मध्ये ती मालिका म्हणून आणली, तीही मध्यरात्रीनंतरच्या वेळेला. गोरो इनोगाशिरा हा एकटा राहणारा व्यापारी, युताका मात्सुशिगे यांनी साकारलेला. गिऱ्हाइकाला भेटतो, काम संपतं, एकाएकी भूक लागते, दुकान शोधतो, जेवतो. बस, एवढंच कथानक. तो दारू पीत नाही, त्यामुळे सगळं लक्ष जेवणावर. आधी काय घ्यावं, भात कधी मागवावा, शेजारच्यानं काय घेतलंय, हे सगळं तो मनातल्या मनात बोलतो. दुकानं खरीखुरी असतात. शेवटी कुसुमी स्वतः त्या दुकानात जाऊन जेवतात आणि खऱ्या मालकाशी गप्पा मारतात. एकट्यानं जेवणं म्हणजे बिचारेपण, हा समज या मालिकेनं पार मोडून काढला. गोरोला कुणाची सोबत नको असते, आणि तो आनंदात असतो.

कोरियात हाच विषय वेगळ्या वळणानं आला. तिथे ताट म्हणजे मधोमध उकळतं भांडं, भोवती लहानलहान वाट्या आणि चार माणसं. ‘लेट्स ईट’ ही टीव्हीएन या कोरियन वाहिनीची २०१३ ची मालिका. एकटी राहणारी घटस्फोटित बाई, तिला चांगलंचुंगलं खायची हौस, पण कितीतरी पदार्थ हॉटेलवाले किमान दोघांसाठीच देतात. मग शेजाऱ्यांशी ओळख वाढते ती एका ताटासाठी. कोरियात एकट्याची घरं झपाट्यानं वाढत होती त्याच काळातली ही गोष्ट आहे, आणि ती विनोदी असूनही त्या बाईची अडचण हसण्यावारी नेत नाही.

सगळ्याच हॉटेलांच्या मालिका मला या पंगतीत बसवता येत नाहीत. ‘इतेवॉन क्लास’ ही कोरियन मालिका मीही एका दमात पाहिली, पण तिथल्या पबच्या जागी कापडाचं दुकान असतं तरी सूडाची गोष्ट तशीच चालली असती. २०१० ची कोरियन ‘पास्ता’ तशी नाही. तिच्यात भट्टीसमोरचा घाम आहे, आणि बायकांना आपल्या स्वयंपाकघरात जागाच नाही म्हणणारा शेफ आहे. तिथे खाणाऱ्यापेक्षा रांधणाऱ्याचा मान हा विषय होतो, आणि तोही तितकाच खरा आहे.

मला सगळ्यात जवळची वाटते ती फुमी योशिनागा यांच्या चित्रमालिकेवरची ‘किनो नानी ताबेता?’ (काल काय खाल्लंस?), २०१९ ची जपानी मालिका. टोकियोत एकत्र राहणारे दोन मध्यमवयीन पुरुष. शिरो वकील, केंजी केस कापणारा. शिरो वेळेवर ऑफिसातून निघतो, सुपरमार्केटमध्ये स्वस्त काय ते बघतो आणि महिन्याचा दोघांचा किराणा २५,००० येनमध्ये बसवतो. सुरुवातीच्याच एका भागात त्याला कलिंगड हवं असतं, पण दोघांना अख्खं जास्त होतं. दुकानात एका अनोळखी बाईंची तीच अडचण. ते अर्धं अर्धं वाटून घेतात आणि त्यातून मैत्री होते. आपण केंजीसोबत राहतो हे शिरो ऑफिसात कुणाला सांगत नाही. घरी आल्यावर मात्र तीन-चार पदार्थ एकाच वेळी तयार होतील असा हिशेब लावून स्वयंपाक करतो. केंजी पहिला घास घेऊन जे काही बोलतो, ते ऐकताना शिरोचा चेहरा बघा. प्रेमाचे संवाद फार कमी आहेत या मालिकेत. त्यांची गरज पडत नाही.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी ‘शिन्या शोकुदो’पासून सुरुवात करावी, भाग सुटे सुटे आहेत. घरात वडीलधारे असतील तर ‘दे जांग गुम’ सगळ्यांनी मिळून बघा. पहिले दोन-तीन भाग तिच्या आईवडिलांच्या कहाणीत जातात, तेवढे धीर धरून पार करा. आणि कृपा करून जेवून बसा. आता प्रश्न घेऊ या.