चावी तुमची, सेल्फ त्यांचा

हा मेकॅनिक बघा. ड्रायव्हर सीटवरून उलटा खाली घुसलाय, टॉर्च दातात, आणि एवढ्या जुडग्यातनं त्याला एकच वायर हवीये, चावी फिरवली की स्टार्टरला करंट नेणारी. ही सापडली. कट केली, दोन्ही टोकं सोलली, मधे रिले, म्हणजे हुकमावर चालू-बंद होणारा स्विच, टाकला, वर काळी टेप. आणि रिलेला हुकूम देणारा हा डबा, तळहातात मावेल एवढा, आत जीपीएस आणि सिमकार्ड. पॅनल दाबून बसवलं, टक्क. आता शोधून दाखवा.

अमेरिकेत याला स्टार्टर इंटरप्ट म्हणतात. क्रेडिट स्कोअर पडलेला, साधं लोन मिळत नाही, अशा लोकांना सबप्राइम लोनवर गाडी देताना हा डबा बसवतात. 2014 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यावर मोठी बातमी केली, तेव्हा तिथल्या जवळपास 20 लाख गाड्यांत तो होता.

ऐका, ही बीप. हप्त्याची तारीख जवळ आली की सुरू होते, शेजारी बसलेल्यालाही कळतं की याचा हप्ता राहिलाय. तारीख उलटली की लोनवाल्यांच्या ऑफिसात कुणीतरी स्क्रीनवर क्लिक करतो, मेसेज मोबाइल टॉवरवरून डब्यात, रिले सर्किट तोडतो, आणि मग हे, चावी फिरतेय, दिवे लागतायत, सेल्फ काही लागत नाही. बनवणारे म्हणतात चालू गाडी बंद पडत नाही आणि अडचणीला 24 तास गाडी सुरू करता येईल असा कोड मिळतो. चालू गाडीच बंद पडली असं सांगणारे कर्जदारही आहेत. लास वेगासमधल्या एका बाईचा हप्ता तीन दिवस थकलेला, पोरीला 103 च्या वर ताप, गाडी बंद.

आणि क्लिक करणारा माणूस कोण? 2010 मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये एका डीलरने कामावरून काढलेला विशीतला पोरगा सहकाऱ्याच्या पासवर्डने सिस्टिममध्ये घुसला आणि शंभरावर गाड्यांचा त्याने खेळ केला, काही सुरूच होईनात, काहींचे हॉर्न अवेळी वाजायला लागले, थांबवायला लोकांनी बॅटऱ्या काढल्या. (हा हॉर्न आमच्या डेमो गाडीचा आहे.)

आता हा नकाशा. हा ठिपका म्हणजे आपली डेमो गाडी. रात्री कुठे उभी होती, कुठल्या दवाखान्यापाशी किती वेळ थांबली, सगळं दिसतंय, आणि हप्ते वेळेवर भरले म्हणून ठिपका काही जात नाही. कागदावर सही घेतलेली असते म्हणतात, पण त्या गठ्ठ्यात ती ओळ कोण वाचतं हो? कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत डब्याची लेखी माहिती आणि बंद करण्याआधी सूचना देणं कायद्याने भाग आहे.

नव्या गाड्यांत तर डबा लावायलाही नको, मोबाइल नेटवर्कशी बोलणारा मोडेम फॅक्टरीतनंच येतो. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने 2023 मध्ये गाड्यांचे 25 ब्रँड प्रायव्हसीसाठी तपासले, पंचवीसच्या पंचवीस नापास.

मेकॅनिकने हात पुसले. ही गाडी बाहेर निघाली, पुढची आत आलीये, टॉर्च परत दातात.