नाताळच्या सुट्टीतल्या बाटल्या आणि परसातली दालचिनी

(वेंगुर्ल्यातल्या एका वाचनालयाच्या अंगणात डिसेंबरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

विषयाचा कागद बाहेरच्या फळ्यावर लागला तेव्हापासून मला बाजारात चार जणांनी थांबवून विचारलं, "बाई, थंडीच्या दिवसांत कोल्ड्रिंकवर काय बोलणार?" शाळेत मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. बाटलीतला वायू, साखर, आम्ल हे सगळं शिकवून झालं. पण चव कशी घ्यायची ते मला शिकवलं आमच्या पडवीनं. आज त्याबद्दलच बोलते.

आमच्याकडे नाताळच्या सुट्टीत मुंबईहून धाकटे दीर आणि जाऊबाई मुलांना घेऊन येतात. भाचा अमेरिकेत असतो, तो जमेल त्या वर्षी येतो. शेजारच्या ख्रिश्चन घरातून नेवऱ्या आणि दोदोल आलेलं असतं. पुष्कळ वर्षांपूर्वी भाच्यानं एक डबा आणला, त्या हंगामापुरताच निघालेल्या सरबताचा. तेव्हापासून प्रथा पडली, की येणाऱ्यानं त्या वर्षीचं एक तरी हंगामी पेय आणायचं. रात्री जेवणं आटोपली की पडवीत चटई अंथरायची, स्टीलची फुलपात्री मांडायची आणि प्रत्येकात दोनच घोट ओतायचे. आधी वास, मग घोट, मग वहीत दोन ओळी. वहीत लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, हा मुलांनीच केलेला नियम. सगळ्यात धाकटीला लिहिता येत नव्हतं तेव्हा ती चित्र काढायची. त्या वहीत एका पानावर नुसता लाल गोळा आहे, त्याला जीभ बाहेर काढलेलं तोंड आहे.

तो लाल गोळा म्हणजे क्रॅनबेरी. स्प्राइटनं अमेरिकेत २०१९ च्या थंडीत मसालेदार क्रॅनबेरीची बाटली काढली होती, ती भाच्यानं आणली. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि नियम मोडून लगेच बोलल्या, "अगो, ह्या आमच्या आगळासारख्याच लागता. फक्त साखर मेजून घालूक नाय." आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, खारवलेला रस. साखर मोजून घातलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलं हसली, पण मी विचारात पडले. आंबटपणाच्या मागे येणारा किंचित तुरटपणा, जिभेच्या कडांना बसणारी ओढ, सगळं खरंच रातांब्याच्या जवळचं होतं. दोन फळांचं नातं काही नाही. क्रॅनबेरी थंड देशातल्या दलदलीतलं फळ, रातांबा आपल्या परसातला. जिभेनं मात्र त्यांना शेजारी बसवलं.

पण सासूबाईंनी पुढं जे विचारलं त्यानं मला कामाला लावलं. "ह्या थंडीतच कशाक काढतत?" रातांबा एप्रिल-मेमध्ये पिकतो, म्हणून तेव्हा घरोघरी त्याच्या सालींची सोलं सुकतात, आगळ भरलं जातं. हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. मग क्रॅनबेरीला थंडी का? तर तिथं ते फळ सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत काढतात. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण, त्या जेवणात क्रॅनबेरीची चटणी असतेच, आणि तिथून ती चव नाताळापर्यंत ताटात राहते. म्हणजे त्या बाटलीमागे एक खरा हंगाम होता. डब्यातली चव कारखान्यातली असेल, पण आठवण शेतातली होती.

ही फोड एकदा लक्षात आली, की दरवर्षी नवीन बाटली उघडताना मी पहिल्यांदा हेच बघायला लागले: ह्यातला हंगाम कुठून आला?

काही ठिकाणी तो विक्रीतून आलेला असतो. थंड पेयाचा खप थंडीत पडतो, हे सोडावाल्याला कोणी सांगायला नको. कोका-कोलानं १९२२ सालीच जाहिरात केली, की तहानेला ऋतू नसतो. १९३१ पासून हॅडन संडब्लॉम या चित्रकारानं त्यांच्यासाठी सांताक्लॉज रंगवला, हातात बाटली घेतलेला. डॉक्टर पेपर या अमेरिकन सोड्याच्या कंपनीनं तर १९६० च्या दशकात लोकांना आपलं पेय गरम करून, लिंबाच्या चकतीवर ओतून प्यायला सांगितलं. मी करून पाहिलंय. गरम केल्यावर वायू बहुतेक निघून जातो आणि मागं उरतो तो काढ्यासारखा गोड, मसालेदार पातळ पदार्थ. आमच्या दिरांना सर्दी झाली होती, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

आणि काही बाटल्या केवळ नवल म्हणून निघतात. सिअॅटलच्या जोन्स सोडा कंपनीनं २००३ मध्ये टर्कीच्या मांसाच्या आणि रश्शाच्या चवीचा सोडा काढला होता. जपानमध्ये पेप्सीनं २००७ साली काकडीचा, २००९ साली लाल चवळीसारख्या अझुकीचा काढला. अशा चवीला मी नावं ठेवत नाही. माणसाला एकदा तरी चाखून बघावंसं वाटतं, ह्यात वाईट काही नाही. पण आमच्या वहीत अशा पेयांपुढं एकच ओळ असते, दुसऱ्या वर्षी कोणी त्यांची आठवण काढत नाही.

आता ज्याची आठवण एक अख्खा देश काढतो, त्याबद्दल सांगते. स्वीडनमध्ये नाताळात 'युलमुस्ट' पितात. गडद तपकिरी, फेसाळ, माल्ट (मोड आणून भाजलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) यांची चव असलेलं, पण मद्य नसलेलं. १९१० मध्ये ओरेब्रू गावात रॉबर्ट रॉबर्ट्स आणि त्याचा मुलगा हॅरी यांनी ते तयार केलं, बिअरला पर्याय म्हणून. आजही त्याचा मूळ अर्क त्याच घराण्याची कंपनी करते आणि वेगवेगळे पेयवाले तो घेऊन आपापली बाटली भरतात. डिसेंबरात तिथं ह्या पेयापुढं कोकचा खप उतरतो. ईस्टर आला की तेच पेय 'पोस्कमुस्ट' नावानं येतं, आणि एरवी दुकानात सहसा दिसत नाही.

इथं मी बराच वेळ घेतेय, कारण मला ह्या गोष्टीचं मनापासून अप्रूप आहे. त्या पेयातलं कुठलंही जिन्नस डिसेंबरातच मिळतं असं नाही. वर्षभर करता आलं असतं. लोकांनी मिळून ठरवलं, की हे ह्याच दिवसांत प्यायचं, आणि शंभरावर वर्षं ते पाळलं. आपण होळीला पुरणपोळी आणि गणपतीत उकडीचे मोदक जसे धरून ठेवलेत, तसं.

मग आपल्या किनाऱ्याचं थंडीतलं पेय कुठलं? उन्हाळ्याचं विचारलंत तर दहा नावं निघतील. थंडीचं म्हटलं की सभा गप्प होते. पण आहे की. वर पालघर-डहाणूकडे ताडाची नीरा थंडीत प्यावी. मडक्याला आतून चुना लावून रात्री झाडाला बांधतात आणि पहाटे उतरवतात. गारव्यात ती आंबायला वेळ लागतो, म्हणून ह्या दिवसांतली नीरा गोड. ऊन चढलं की चव बदलायला लागते. मी एकदा साडेसहाला प्यायले आणि त्याच भांड्यातली साडेदहाला. पहिल्या घोटात ओल्या खोबऱ्याच्या जवळचा गोडवा होता, दुसऱ्यात जिभेला चिमटा होता. चार तासांचा हंगाम! कुठल्याही कंपनीनं एवढी मर्यादित बाटली काढलेली नाही.

आणि दुसरं उत्तर आपल्या माडांखाली उभं आहे. २००४ मध्ये पेप्सीनं अमेरिकेत 'हॉलिडे स्पाइस' नावाचं पेय थोड्या आठवड्यांसाठी काढलं. त्याचा मसाला म्हणजे मुख्यतः दालचिनी. नाताळच्या पेयांची यादी काढा, फिरून फिरून तीच नावं येतात: दालचिनी, जायफळ, लवंग, आलं. दापोलीचं कृषी विद्यापीठ किती वर्षं आपल्याला सांगतंय, की नारळाच्या दोन झाडांमधली जागा रिकामी ठेवू नका, दालचिनी लावा, जायफळ लावा, मिरीचा वेल चढवा. 'लाखी बाग' म्हणतात त्याला. त्यांनी 'कोकण तेज' ही दालचिनीची जात दिली, जायफळाच्या 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' दिल्या. म्हणजे ज्या वासाला जग नाताळचा वास म्हणतं, तो आपल्या वाडीत बारा महिने उभा आहे, आणि आपण त्याचं पान मसालेभातात टाकून थांबतो.

हे दालचिनीचं पान मी आज मुद्दाम आणलंय. पुढच्या रांगेतून मागं द्या. चुरगाळून नाकाशी धरा. कसला वास येतो? बरोबर, लवंगेचा. पानात युजेनॉल असतं, तेच लवंगेत असतं. दालचिनीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो सालीत, तो सिनॅमाल्डिहाइडचा. एकाच झाडाच्या पानात एक मसाला आणि सालीत दुसरा. बाजारात जी जाड, कडक साल मिळते ती बहुतेक कॅसियाची, म्हणजे दालचिनीच्याच जातभाई झाडाची असते. ती जास्त तिखट लागते आणि तिच्यात कूमरिन नावाचं द्रव्य बरंच असतं, जे रोज मोठ्या प्रमाणात घेणं यकृताला बरं नाही. आपली कागदासारखी पातळ, गुंडाळीत गुंडाळी असलेली साल सौम्य आणि गोडसर असते. सरबताला हीच घ्या.

जायफळाचं तर मला वाईटच वाटतं. बी आणि जायपत्री काढून घेतली की त्यावरचं जाड पिवळं फळ वाडीत कुजत पडतं. त्याचं सरबत होतं, छान होतं. आंबट, तुरट, आणि घोट उतरल्यावर घशाशी जायफळाचा मंद वास रेंगाळतो. थोडी जरी फळं मिळाली तरी फेकू नका, ही माझी आज हात जोडून विनंती आहे.

आता सोड्याच्या बाटलीबद्दल. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. आपल्या जत्रांत कार्तिकी पौर्णिमेनंतर दशावतार सुरू झाला, की खाजाच्या दुकानाशेजारी ह्या बाटल्यांची रांग लागायची. बाटली उलटी धरून भरतात, आतला वायूचा दाबच गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो. अंगठ्यानं दाबली की फस्स आवाज येतो आणि गोटी खाली पडते. गळ्याला दोन खळगे असतात ते कशासाठी, माहीत आहे? ओतताना खळगे खालच्या बाजूला ठेवायचे, गोटी त्यात अडकते आणि तोंड बंद होत नाही. लहानपणी मी बाटली चुकीच्या बाजूनं धरायची, तेव्हा आजोबा न बोलता ती माझ्या हातात नुसती फिरवून द्यायचे.

चाखायचं कसं, ते थोडक्यात सांगते. एकदम बर्फगार पिऊ नका. थंडीनं जीभ बधिरते, गोडवा कमी जाणवतो आणि मसाल्याचा वास वर येत नाही. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा. मग लेबल वाचा. आपल्याकडे वायू घातलेल्या फळाच्या पेयात निदान १० टक्के फळाचा रस हवा, लिंबाच्या बाबतीत ५ टक्के. रस अजिबात नसेल तर तसं छापावं लागतं. साखर बघा. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे सात चमचे असते. म्हणून आमच्याकडे दोनच घोट. बाहेरून आलेल्या डब्यावर इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांकाची चिठ्ठी पाहा, आणि तारीख त्या चिठ्ठीखाली झाकलेली नाही ना, तेही पाहा. एका वर्षी आमच्याकडे असा एक डबा आला होता. चिठ्ठी सोलल्यावर खालची तारीख पाच महिन्यांपूर्वी उलटलेली निघाली. मुलांच्या हातातून भरलेली फुलपात्री परत घेताना मला फार राग आला होता.

त्या रात्री डबा ओतून दिला आणि स्वयंपाकघरात जे होतं त्यातून आम्ही पहिल्यांदा आमचं स्वतःचं केलं. आवळ्याचे दिवस होते. दीड वाटी साखर, एक वाटी पाणी आणि दोन बोटं लांब दालचिनी एकत्र उकळली. पाक पूर्ण गार झाल्यावर त्यात एक वाटी कच्च्या आवळ्याचा रस आणि चमचाभर आल्याचा रस घातला. आवळा उकळायचा नाही, त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं. फुलपात्रात आधी पाक, मग कडेनं हळूहळू सोडा ओतायचा. उलट केलंत, सोड्यात पाक ओतलात, तर सगळा वायू एकदम सुटून फेस बाहेर येतो. सासूबाईंनी घोट घेतला आणि पहिल्यांदाच नियम पाळला. वही मागवली, चष्मा लावला आणि लिहिलं, "साखर बरोबर."

तेव्हापासून दर नाताळात आमच्याकडे बाहेरच्या बाटल्या येतातच, आणि त्यांच्या शेजारी हे मांडलेलं असतं. आमच्या गावातल्या सोडावाल्यांशी मी दोन वर्षं बोलतेय. आवळा-दालचिनी फक्त कार्तिकी ते माघी भरा, नंतर मागितलं तरी देऊ नका, असं मी त्यांना सांगते. ह्या वर्षी त्यांनी तीन क्रेट भरून दिलेत. ते मागच्या टेबलावर आहेत, फुलपात्री आमच्या घरची आहेत, शेजारी वही आणि पेन ठेवलंय. रांगेनं या. आधी वास घ्या, मग घोट, आणि लिहून होईपर्यंत कृपा करून एकमेकांशी बोलू नका.