फायलींत हरवलेलं टपाल

वॉशिंग्टन. 2002-03चा सुमार. व्हाइट हाउसची ईमेल व्यवस्था लोटस नोट्सवरून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज आणि आउटलुकवर नेण्यात आली. जुन्या व्यवस्थेत ईमेलची प्रत आपोआप दप्तरी जमा व्हायची. नव्यात ती सोय राहिली नाही. तोडगा निघाला तो असा: ईमेल पीएसटी फायलींत, म्हणजे आउटलुकच्या मेल साठवायच्या फायलींत, भरायचे, फाइलला नाव द्यायचं आणि सर्व्हरवर ठेवायची. यातलं बरंचसं काम माणसांच्या हातून होत होतं.

अध्यक्षांच्या कार्यालयाचा पत्रव्यवहार जपणं अमेरिकेत 1978च्या कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणजे त्या फायलींत कुणाचा खासगी पसारा नव्हता, देशाचं दप्तर होतं.

ऑफिसात आउटलुक वापरणाऱ्यांना पीएसटी नवी नाही. मेलबॉक्स भरल्याचा इशारा येतो, शेजारचा म्हणतो, ‘जुने मेल पीएसटीत टाक की.’ मेल सर्व्हरवरून हलतात आणि समोरच्या कॉम्प्युटरवर येतात. इशारा थांबतो, काम पुढे सरकतं. पण बहुतेक वेळा त्या मेलांची आता तेवढी एकच प्रत उरलेली असते. हार्ड डिस्क गेली, लॅपटॉप चोरीला गेला, नोकरी सोडणाऱ्याची मशीन फॉरमॅट झाली, की वर्षांचा व्यवहार गेला. कंपनीला एखाद्या खटल्यासाठी जुना मेल शोधायचा असेल, तर सर्व्हरवरचा शोध त्या फाइलपर्यंत पोचतच नाही.

फाइलही तशी नाजूकच. आउटलुक 2002पर्यंत तिची मर्यादा 2 जीबी होती. ती ओलांडली की फाइल उघडेनाशी व्हायची. मायक्रोसॉफ्टनं त्यावर एक साधन दिलं, पण ते फाइलचा काही भाग कापून टाकायचं, म्हणजे काही मेल गमावूनच बाकीचे हाती यायचे. पुढे मर्यादा 20 आणि मग 50 जीबी झाली, तरी नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून पीएसटी वापरू नका, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगत आलं आहे. आणि पासवर्ड? तो नावापुरता. सहज मिळणारी साधनं तो काढून टाकतात.

पण व्हाइट हाउसमध्ये जे घडलं, ते मला याहून गंभीर वाटतं. तिथे प्रश्न एखादी फाइल बिघडण्याचा नव्हता. काय हरवलंय, हेच कुणाला खात्रीनं सांगता येईना.

2005मध्ये तिथल्या तंत्रज्ञांनी फायली मोजल्या. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, समितीसमोर पुढे जी आकडेवारी आली, तिच्यानुसार 473 दिवस असे होते, की त्या दिवशी एका ना एका कार्यालयाचा एकही ईमेल साठवलेला नव्हता. व्हाइट हाउसनं हा हिशेब मान्य केला नाही. आणि खरी अडचण इथेच आहे. फाइल रिकामी का? त्या दिवशी पत्रव्यवहारच झाला नाही, मेल भरायचे राहिले, की ते चुकीच्या नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसले? फाइलकडे बघून यातलं काहीच कळत नाही. कोणता मेल कधी आला आणि कुठे ठेवला, याची आवक-जावक वहीच नव्हती. तिथल्याच एका माजी तंत्रज्ञानं समितीला सांगितलं, की 2005च्या मध्यापर्यंत हे सर्व्हर नेटवर्कवरच्या कुणालाही उघडता येत होते. मग कुणी काही बदललं वा पुसलं नाही, याची ग्वाही तरी कोण देणार?

2007मध्ये दोन संस्था न्यायालयात गेल्या. डिसेंबर 2009मध्ये तडजोड झाली. तोवर 2 कोटी 20 लाख ईमेल सापडले होते. चुकीच्या नोंदींमुळे ते असून नसल्यासारखे झाले होते. याशिवाय 94 दिवसांचे ईमेल बॅकअप टेपांवरून परत मिळवायचं ठरलं.

त्या टेपा खरं तर आपत्तीसाठी होत्या, दप्तर म्हणून नव्हे. आणि ऑक्टोबर 2003पूर्वी त्या पुसून पुन्हा वापरल्या जात होत्या, असं व्हाइट हाउसनंच न्यायालयाला कळवलं होतं.