चांदीचा पेला आणि नवऱ्यांची शाळा

पडद्यावर दिसतो आहे तो साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, पिण्याचा उथळ पेला. जपानमध्ये ज्यांच्या वयाची शंभर वर्षे पूर्ण होतात, त्यांना सप्टेंबर महिन्यात, ज्येष्ठांच्या सन्मानासाठी राखून ठेवलेल्या दिवसाच्या निमित्ताने, पंतप्रधानांच्या अभिनंदनपत्रासह असा पेला भेट दिला जातो. १९६३ मध्ये ही प्रथा सुरू झाली तेव्हा साऱ्या देशात शंभरी गाठलेली माणसे अवघी १५३ होती, आणि तेवढ्यांसाठी शुद्ध चांदीचे पेले घडवून घेणे सरकारी तिजोरीला जड नव्हते. १९९८ मध्ये ही संख्या दहा हजारांवर गेली आणि २०२४ मध्ये ९५,११९ झाली. त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ स्त्रिया आहेत. मधल्या काळात, २०१६ मध्ये, शुद्ध चांदीचा पेला बंद होऊन त्याच्या जागी चांदीचा मुलामा दिलेला पेला आला. आदरात काही उणे आले नाही, पण मानाच्या भेटीवरही हिशेबनिसाची नजर पडावी, इतके मानकरी आता झाले आहेत.

याच पृथ्वीवर, सहाराच्या दक्षिण काठावर, नायजेरियाच्या उत्तरेला लागून नायजर नावाचा देश आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या चौपट आहे, पण त्याचा बहुतेक भाग वाळवंट असल्यामुळे माणसे राहतात ती दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि तिथे मुख्य पीक आपल्या ओळखीचे आहे, बाजरी. १९६० मध्ये फ्रान्सच्या ताब्यातून हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास होती. आज ती अडीच कोटींच्या पुढे गेली आहे. जपानची लोकसंख्या नायजरच्या चौपटीहून जास्त आहे आणि दरडोई उत्पन्न सुमारे पन्नासपट आहे. तरीही २०२४ मध्ये जपानमध्ये ६,८६,०६१ बाळे जन्माला आली, आणि नायजरमध्ये वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक बाळे जन्माला येतात.

या दोन आकड्यांतला आणखी एक फरक सहज नजरेतून सुटतो. जपानचा आकडा शेवटच्या एककापर्यंत दिलेला आहे, कारण त्या देशात १८७२ पासून प्रत्येक कुटुंबाची नोंदवही ठेवली जाते आणि जन्म, विवाह, मृत्यू तिच्यात चढवल्याशिवाय पुढचे कुठलेच सरकारी काम होत नाही. नायजरचा आकडा मात्र अंदाजाचा आहे. तिथे २०१२ मध्ये जनगणना झाली आणि त्यानंतरची लांबणीवर पडत गेली. श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्या लोकसंख्येची तुलना करताना एका बाजूला मोजलेली माणसे असतात आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळदा अंदाजलेली, हे या चित्रफितीत पुढे येणाऱ्या प्रत्येक आकड्याच्या बाबतीत ध्यानात ठेवावे लागेल.

श्रीमंतांना मुले कमी आणि गरिबांना जास्त, हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की त्याचे कारण पैसा हेच असणार, असे आपण धरून चालतो. १९७४ मध्ये बुखारेस्टला जागतिक लोकसंख्या परिषद भरली, तेव्हा भारताचे आरोग्यमंत्री करण सिंह यांनी विकास हेच सर्वांत चांगले गर्भनिरोधक आहे, अशा आशयाचे विधान केले आणि ते जगभर गाजले. विधान चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. त्याचा उरलेला अर्धा भाग खुद्द जपानच्या इतिहासात सापडतो.

एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील, याच्या मोजमापाला एकूण जननदर म्हणतात. बाहेरून माणसे आली-गेली नाहीत, तर पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यासाठी हा दर २.१ च्या आसपास असावा लागतो. १९४७ मध्ये जपानचा जननदर ४.५४ होता, १९५७ मध्ये तो २.०४ वर आला. दहा वर्षांत निम्म्याहून खाली झालेली ही घसरण आजच्या चकचकीत टोकियोतली नव्हे. युद्धात बेचिराख झालेल्या, धान्याच्या टंचाईने गांजलेल्या, परदेशांतून परतलेल्या लक्षावधी लोकांना सामावून घेताना मेटाकुटीला आलेल्या देशातली ती घसरण आहे. १९४८ च्या कायद्याने तिथे गर्भपाताला वाट मिळाली आणि पुढच्याच वर्षी आर्थिक ओढाताण हे कारणही मान्य झाले. मुली शाळेत जात होत्या, नवजात बालकांचे मृत्यू झपाट्याने घटत होते, आणि जन्मलेले मूल जगेल, अशी खात्री आई-बापांना वाटू लागली होती. पैसा नंतर आला. बांगलादेशाचा अनुभवही याच जातीचा आहे. १९७० च्या दशकात तिथला जननदर सहाच्या वर होता आणि २०११ पर्यंत तो २.३ झाला, तोही देश गरीब असतानाच. कुटुंबकल्याणाचे साहित्य घेऊन दारोदार फिरणाऱ्या हजारो ग्रामीण स्त्रियांचे श्रम त्यामागे होते. पडदा पाळणाऱ्या सुनेला दवाखान्यापर्यंत यावे लागू नये, म्हणून दवाखाना तिच्या अंगणात नेण्याची ही साधी युक्ती होती.

जपानमध्ये १९६६ साली एक चमत्कारिक गोष्ट घडली. तिथल्या जुन्या पंचांगात साठ वर्षांनी एकदा अग्नी आणि अश्व यांचा योग येतो, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, असा समज आहे. मंगळाच्या मुलीचे स्थळ नाकारणाऱ्या समाजाला यात नवल वाटायला नको. त्या एका वर्षी जन्मांची संख्या सुमारे १८ लाखांवरून १३ लाख ६० हजारांवर घसरली आणि जननदर १.५८ झाला, दुसऱ्या वर्षी सारे पूर्ववत झाले. पुढे १९८९ मध्ये जननदर १.५७ नोंदला गेला. आता कोणताही कुयोग नव्हता, कोणी कोणाला भीती घातली नव्हती, आणि तरीही आकडा त्या अपशकुनी वर्षाच्याही खाली गेला होता. जपानी वृत्तपत्रांनी त्याला १.५७ चा धक्का म्हटले, सरकारने योजनांमागून योजना आखल्या, आणि २०२४ मध्ये आकडा १.१५ वर आला.

या घसरणीचे कारण शोधताना मुलांच्या आधी लग्नांकडे पाहिले पाहिजे. जपानमध्ये विवाहाबाहेर जन्मणारी मुले शंभरात दोनच्या आसपास असतात, त्यामुळे लग्न लांबले की मूल लांबते आणि लग्न राहिले की मूलही राहते. २०२० च्या गणनेनुसार पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न केलेल्या पुरुषांचे प्रमाण २८ टक्के होते आणि स्त्रियांचे सुमारे १८ टक्के. नोकरीतले लांबलचक तास, घरकामाचा आणि मुलांच्या संगोपनाचा बहुतेक भार बाईच्याच वाट्याला येणे, शहरातली महागडी आणि तोकडी घरे, ही कारणे सर्वांना पाठ आहेत. भत्ता वाढवून ती दूर होतील, हा सरकारी विश्वास मात्र मला भाबडा वाटतो, कारण बाळंतपणाचा खर्च भरून देता येतो, पण संध्याकाळी सात वाजता घरी येणारा नवरा अर्थसंकल्पातून देता येत नाही.

शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात नागोरो नावाचे गाव आहे. तिथल्या एका बाईने शेतात उभे करायला म्हणून एक बुजगावणे बनवले आणि त्याला आपल्या वडिलांचा चेहरा दिला. त्यानंतर गावातले कोणी वारले किंवा गाव सोडून गेले की ती त्यांची बाहुली करू लागली. आज गावात जिवंत माणसे तीसहूनही कमी आहेत आणि बाहुल्या शेकड्यांनी: बसथांब्यावर वाट पाहणाऱ्या, बांधावर टेकलेल्या, रस्त्याच्या कामावर आलेल्या. प्राथमिक शाळा २०१२ मध्ये बंद झाली, कारण शेवटची दोन मुले शिकून बाहेर पडली. त्या वर्गात आता बाकांवर कापडी विद्यार्थी बसलेले असतात, आणि फळ्यापाशी कापडी शिक्षक उभे असतात.

नायजरच्या झिंदर प्रदेशातली शाळा याच्या अगदी उलट आहे. तिथे वर्गात बसतात ते नवरे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २००७ मध्ये या प्रदेशात ‘नवऱ्यांची शाळा’ सुरू केली. बायकोने दवाखान्यात जायचे की नाही, पाळणा लांबवायचा की नाही, याचा निर्णय नवरा घेतो. मग सारी प्रचारपत्रके बायकोच्या हाती देऊन काय उपयोग, असा रोखठोक विचार त्यामागे होता. गावातली आठ-दहा विवाहित मंडळी ठरल्या दिवशी एकत्र बसतात, कोणाची बायको तपासणीला गेली नाही आणि का गेली नाही, याची चर्चा करतात आणि उपाय स्वतःच काढतात. काही गावांत या मंडळींनी सुईणीला राहायला घर बांधून दिले, कारण राहायला जागा नसेल तर सुईण गावात टिकत नाही.

तरीही नायजरचा जननदर आज सहाच्या आसपास आहे, आणि २०१२ च्या आरोग्य पाहणीत तिथल्या स्त्रियांनी आपल्याला हवी असलेली मुले सरासरी नऊहून अधिक सांगितली होती. हे उत्तर ऐकून हसणाऱ्यांनी आणखी दोन आकडे ऐकावेत. १९९० च्या सुमारास त्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी तीनशेहून अधिक मुले पाचव्या वाढदिवसाआधी दगावत असत, आणि चारपैकी तीन मुलींचे लग्न अठरा पुरे होण्याआधी होते. शेतात हात हवेत, म्हातारपणी निवृत्तिवेतन नाही, सवत असेल तर वाटणीत आपली बाजू भक्कम हवी, आणि जन्मलेल्यांतले किती जगतील याचा भरवसा नाही, अशा घरात नऊ हा आकडा पूर्ण विचारान्ती आलेला आहे. बालमृत्यू आता जवळजवळ एकतृतीयांशावर आले, ही या देशाची मोठी कमाई आहे. पण मृत्यू लसीने आणि मच्छरदाणीने दोन-चार वर्षांत घटतात, तर मुलांचा हिशेब बदलायला एखादी पिढी जावी लागते. या मधल्या काळातच लोकसंख्या फुगते. युरोपने हा मधला काळ एकोणिसाव्या शतकात अनुभवला, आणि तेव्हा त्याची वाढलेली माणसे जहाजे भरभरून अमेरिकेला गेली. नायजरच्या तरुणांसाठी असे मोकळे खंड आता उरलेले नाहीत.

समजा, उद्यापासून नायजरमधल्या प्रत्येक स्त्रीने दोनच मुलांवर थांबायचे ठरवले, तरी लोकसंख्या पुढची काही दशके वाढतच राहील, कारण तिथला जवळजवळ निम्मा देश पंधरा वर्षांच्या आतला आहे आणि त्या मुली अजून आई व्हायच्या आहेत. वयाच्या या रचनेमुळे आणखी एक विरोधाभास निर्माण होतो. जपानमध्ये माणूस सरासरी ८४ वर्षे जगतो आणि नायजरमध्ये साठीच्या आसपास. तरीही दर हजार लोकांमागे वर्षभरात होणारे मृत्यू जपानमध्ये अधिक आहेत. म्हाताऱ्यांच्या देशात मरण रोजचे असते, मग तिथले दवाखाने कितीही उत्तम असोत. २०२४ मध्ये जपानमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू नऊ लाखांहून जास्त झाले.

श्रीमंत आणि गरीब देशांतला खरा फरक मला वेळेचा वाटतो. पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण शेकडा ७ वरून १४ व्हायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षे मिळाली, स्वीडनला ८५. एवढ्या अवकाशात निवृत्तिवेतन, रुग्णालये, वृद्धाश्रम, सारे सावकाश उभे राहिले. जपानने हेच अंतर १९७० ते १९९४ या काळात कापले, आणि दक्षिण कोरियाने अठरा वर्षांत. मागून येणाऱ्या देशांना ते आणखी कमी काळात आणि कितीतरी कमी पैशांत कापायचे आहे.

महाराष्ट्राला हे परके नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्याचा जननदर १.७ आला. जपान या आकड्यावर १९८७ मध्ये होता, आणि त्या वेळी तो जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होता. गोव्याचा १.३ हा तर अलीकडच्या जपानच्या शेजारचा आकडा आहे, आणि त्याच पाहणीत बिहारचा ३.० होता. म्हणजे नायजर आणि जपान यांच्यामधली रेघ एकाच देशाच्या पोटातूनही जाऊ शकते, आणि उत्तरेकडून पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर येणारे मजूर ती रोज ओलांडत असतात.

दुसरीकडे आपलीही माणसे बाहेर जात आहेत. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. जपानने २०१९ पासून शुश्रूषेसारख्या कामांसाठी परदेशी कामगारांना वेगळा व्हिसा द्यायला सुरुवात केली. टोकियोच्या एदोगावा विभागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि २०१९ मध्ये पुण्याहून गेलेले योगेंद्र पुराणिक तिथल्या विभाग-सभेवर निवडूनही आले. पासपोर्ट, शिक्षण आणि विमानाचे भाडे असलेल्यांसाठी ही वाट आहे. झिंदरच्या बाजरीच्या शेतापासून ती फार दूर आहे.

२०१२ च्या जनगणनेत नायजरमध्ये १ कोटी ७१ लाख माणसे मोजली गेली. त्या वेळी ज्या आईच्या पाठीवर कापडाने बांधलेल्या होत्या, त्या तान्ह्या मुली आता तिथल्या रूढीप्रमाणे स्थळे येण्याच्या वयाला येऊन पोचल्या आहेत. नागोरोतल्या शाळेला शेवटचे कुलूप लागले, तेही त्याच वर्षी.